बदरुद्दीनभाईंच्या भिंतीवरचा नकाशा

म्युनिसिपालटीचा पहिला नकाशा शेळ्यांनी खाल्ला. यात शेळ्यांचा दोष काढता येणार नाही. सावळेराम पट्टेवाल्यानं तो चावडीच्या भिंतीवर गव्हाच्या खळीनं चिकटवला होता, आणि खळ सरकारी असल्यामुळं इतकी सढळ हातानं लावली होती की ती चारी बाजूंनी ओघळून खाली आली होती. दुपारी बाजार पांगल्यावर शेळ्या आल्या. त्यांनी आधी ओघळ चाटले, मग नदीचा घाट खाल्ला, मग वेस खाल्ली. संध्याकाळी ओव्हरशियरसाहेब पाहायला आले तेव्हा कसबे बोरवंडच्या भावी सुधारणेपैकी फक्त उत्तर दिशा दाखवणारा बाण शिल्लक होता.

प्लेग येऊन गेल्यापासून सरकारनं अरुंद गल्ल्यांचा धसका घेतला होता. गावात हवा खेळली पाहिजे, असा वरून हुकूम आला. हवेला खेळायला जागा हवी, म्हणून वेशीपासून कुकडी नदीच्या घाटापर्यंत एक रुंद आणि सरळ रस्ता काढायचा, त्याच्या कडेला नवा बाजार बसवायचा, गुरांची जागा इथं, खाटकांची तिथं, असा सगळा बेत म्युनिसिपालटीनं आखला. इथपर्यंत ठीक होतं. पण नियम असा होता की हा बेत महिनाभर लोकांच्या नजरेसमोर टांगायचा आणि त्यांच्या हरकती ऐकून घ्यायच्या. लोकांचं ऐकायचं हा प्रकार लोकांना नवा होता आणि ऐकणाऱ्यांना तर त्याहून नवा होता.

तर दुसरा नकाशा आला, आणि तो शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी भिंत शोधत ओव्हरशियरसाहेब गावभर हिंडले. गावातल्या भिंती मातीच्या. हात लावला की पोपडा हातात. फिरत फिरत ते घाटाच्या वाटेवर बदरुद्दीन कागदी यांच्या घरापाशी आले आणि ओसरीकडं पाहून थांबले.

बदरुद्दीनभाई हे जुन्नरच्या कागद्यांपैकीच. त्यांच्या आजोबांनी वीतभर जास्त पाणी मिळावं म्हणून जुन्नर सोडून खाली बोरवंडला बिऱ्हाड आणलं. तागाची जुनी गोणपाटं कुटायची, नदीवर धुवायची, त्यांचा लगदा करायचा आणि हौदातून जाळीवर एकेक ताव उचलायचा, हा त्यांचा धंदा. ओला ताव वाळवायचा भिंतीवर. उन्हात नाही, दोरीवर नाही, भिंतीवरच. त्यासाठी ओसरीची ती लांब भिंत आजोबांनी चुन्यानं घोटली, वडिलांनी घोटली, आणि आता बदरुद्दीनभाई दर दिवाळीनंतर मूठभर गुळगुळीत गोटा घेऊन घोटत असत. त्या भिंतीवर माशीसुद्धा घसरते असं गावात म्हणत. ताव वाळला की आपला आपण सुटून यायचा, एक सुरकुती नाही. असली भिंत पैसे टाकून बांधून मिळत नाही. नव्या चुन्याला कागद धरून बसतो आणि ओढला की टरकन फाटतो. गिरणीचा कागद आल्यापासून धंदा निम्म्यावर आला होता, पण सनदा, पत्रिका, सावकारांच्या वह्या यांना अजून याच भिंतीवरचा ताव लागे. भाईंना दुसरी इस्टेट नव्हती. मुलगा नव्हता, जमीन नव्हती, भिंत होती.

"बदरुद्दीनभाई, महिनाभर तुमची भिंत द्या," ओव्हरशियरसाहेब म्हणाले. ते पुण्याकडचे होते, पायात बूट होते आणि कानावर लाल पेन्सिल होती. "जोतं उंच आहे, वर छप्पर आहे. शेळी चढायची नाही."

भाईंनी आधी नकाशा उलगडून घेतला आणि आपलं घर कुठं आहे ते विचारलं. साहेबांनी दाखवलं. रस्त्याची रेघ वाटेच्या पलीकडून, म्हणजे पूर्वेकडच्या घरांवरून गेली होती. हौशीराम तेल्याचा घाणा, गोजरबाईचा म्हशींचा गोठा आणि चिमाजी वाण्याचं दुकान रेघेखाली सापडली होती. भाईंचं घर अलीकडं सुखरूप होतं. भाईंच्या छातीवरचा दगड उतरला, आणि माणसाच्या छातीवरचा दगड उतरला की तो लगेच उदार होतो.

"लावा की, साहेब," भाई म्हणाले. "आमची भिंत म्हंजी सरकारचीच भिंत."

हे वाक्य त्यांनी अदबीनं म्हटलं होतं. सरकारनं ते तसंच्या तसं धरलं तर काय होईल याचा विचार त्यांनी केला नव्हता.

"अर्धी भिंत दिली?" आतून बिबिजान म्हणाली. बिबिजान म्हणजे भाईंची बायको. तिचा आवाज बारीक होता, पण माजघरातून निघाला की घाटावर ऐकू जायचा. "अजी, आन् ताव कुठं वाळवायचं? माज्या पाठीवर?"

"महिन्याचा सवाल हाय. उरल्या अर्ध्यावर भागवू."

"लोकं येतील बगायला. त्यास्नी पानी कोन देनार?"

"पानी द्यायला काय पडतंय?"

काय पडतं ते दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. दवंडी पिटली गेली आणि सकाळपासून ओसरीवर माणसं जमली. दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडायचं नाही ही त्या घराची रीत. म्युनिसिपालटीला अशी काही रीत नसल्यामुळं सगळा बोजा बिबिजानच्या गुळाच्या ढेपेवर पडला. बाजारच्या दिवशी तर राजुरीची, ओतूरची माणसंसुद्धा "आलोच हाय तर बगू तरी" म्हणून डोकावली आणि पाणी पिऊन गेली.

नकाशा कुणालाच कळत नव्हता. त्यामुळं सगळे भाईंना विचारत. भाईंनाही कळत नव्हता, पण भिंत त्यांची होती, तेव्हा सांगणं भाग होतं. चारच दिवसांत लोक त्यांना "म्युनिसिपालटीवाले भाई" म्हणायला लागले. भाई वरवर वैतागत, पण सदऱ्याची वरची गुंडी लावून बसायला लागले, हे बिबिजानच्या नजरेतून सुटलं नाही.

सर्वांत आधी हौशीराम तेली आला. तो घाण्यावरून उठून थेट आला होता. त्यानं नकाशावर आपला घाणा शोधला आणि "ह्यो?" म्हणून तिथं बोट टेकलं. बोट तेलाचं होतं. कागदावर रुपयाएवढा डाग पडला, आणि कागद चांगला असल्यामुळं तो छान पसरून बत्ताश्याएवढा झाला.

दुपारी खालच्या आळीची माणसं आली. त्यांनी तो डाग पाहिला. "हितं तळं व्हनार हाय," एकानं जाहीर केलं. बाकीच्यांना पटलं. नकाशावर कुकडी निळी होती आणि तळं पिवळट कसं, असं एकानं विचारलं, तर "गढूळ आसंल" असं उत्तर मिळालं. संध्याकाळपर्यंत तळ्याविरुद्ध अकरा हरकती तयार झाल्या. डास होतील, पोरं बुडतील, भुतं वस्तीला येतील. वरच्या आळीला पाण्याचे हाल, म्हणून त्यांनी तळ्याच्या बाजूनं अर्ज केला आणि ते आमच्याकडं सरकवा अशी मागणी घातली. भाई घसा फोडून सांगत होते की बाबांनो, ते तेल आहे. पण तळं नको म्हणून तावातावानं आलेल्या माणसाला ते तेल आहे असं सांगितलं की त्याला अपमान वाटतो.

"तुमी बी त्येंचंच," लोक म्हणाले.

हरकत तोंडी चालत नव्हती, लेखी हवी होती. म्युनिसिपालटीचा कारकून ओसरीवर बसून लिहून घेत असे, आणि त्याचा कागद दुसऱ्याच दिवशी संपला. मग कागद्याच्या घरी बसून कागद नाही म्हणायची पंचाईत. भाईंनी आपले कोरे ताव पुढं केले. अर्ध्या भिंतीवर जेवढे वाळत होते तेवढे हरकतींत जात होते. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान लष्करात मानाचा तरी असतो. इथं पिठापासून सरपणापर्यंत सगळं घरचं होतं.

आता हौशीरामची हरकत. ती त्याला स्वतःला नीट मांडता येईना, म्हणून साहेब आले तेव्हा भाईंनीच त्याची बाजू घेतली. "साहेब, घाना हलला तर उखळात लाकडाची लाट बसत न्हाई पुन्ना. आन् त्येचा बैल बारा वरसं गोल फिरलाय. त्येला नवीन जागी न्हेला तर त्यो बी गेला आन् ह्यो बी गेला." साहेबांना हसू आलं. त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि घाण्यापुरती रेघ अलीकडं वळवली. हौशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं भाईंच्या पायाला हात लावला आणि भाईंच्या धोतरालाही बत्ताश्याएवढं तळं पडलं.

मग गोजरबाई आली. ती एकटी बाई, तीन म्हशींवर जगणारी. बोलायला उभी राहिली की दुसऱ्याला बसू देत नसे. "बदरूभाऊ, तुमी तेल्याचं क्येलं आन् माजं न्हाई करनार? माज्या म्हशी काय वाटंत बांदू? सायबाच्या दारात बांदू?" भाईंनी साहेबांपाशी गोजरबाईचं गाऱ्हाणं घातलं. रेघ आणखी एक वळण घेऊन अलीकडं आली. मग चिमाजी वाणी. चिमाजीनं फार काही सांगितलं नाही. त्यानं बिबिजानला गुळाची एक ढेप उधार दिली आणि ओसरीच्या खांबाला टेकून नुसता सुस्कारे सोडत बसला. भाईंनी त्याचे सुस्कारे दोन दिवस सोसले, तिसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना गाठलं. रेघ तिसऱ्यांदा वळली.

"अजी," रात्री ताटं काढताना बिबिजान म्हणाली, "ती लाल रेघ आपल्या वाटंवर आली बगा. आता आपली हरकत लिवा."

"आपल्या घराला कुठं लागलीया?"

"लागल्यावर लिवनार?"

खरी गोष्ट अशी की भाईंनाही मनातून धाकधूक वाटायला लागली होती. पण त्यांची अडचण निराळीच होती. "आगं, नकाशा आपल्या भिंतीवर बसलाय. त्या सायबाला आपन इडा दिलाय, पानी दिलंय. पावन्याला ओसरीवर बसवायचं आन् त्येच्याच विरुद अर्ज करायचा? लोक काय म्हंतील?"

"लोक?" बिबिजान म्हणाली. "लोक तुमच्याच कागदावर त्याच पावन्याला शिव्या लिवून द्येत्यात."

झोप आली आहे असं भाईंनी दाखवलं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. महिनाभरात ते इतके दमले होते की उभ्या उभ्या डोळा लागायचा. कागद कुटून माणूस दमत नाही, माणसं ऐकून दमतो, असं ते नंतर सांगत.

या सगळ्यात तळेघरचा जानकू येऊन बसला. तळेघर कुठं आणि बोरवंड कुठं! हा गृहस्थ डोंगर उतरून, दोन मुक्काम करून, पाठीवर नाचणीचं गाठोडं घेऊन आला होता. सरकार जमिनी लिहून घेतंय आणि हरकत घेतली नाही तर जाते, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

"माजी भाताची खाचरं कुठं हायेत ह्येच्यात?" त्यानं नकाशाला नाक लावून विचारलं.

"पावनं, तुमचं गाव ह्येच्यात न्हाई," भाई म्हणाले.

"म्हंजी गेलं?"

"गेलं न्हाई. आलंच न्हाई."

"आलं न्हाई म्हंजी कुठं ग्येलं?" जानकू घाबरा झाला. नकाशात नसलेली जमीन ही नकाशात असलेल्या जमिनीपेक्षा जास्त धोक्यात असते, हे त्याचं मत काही केल्या बदलेना. शेवटी त्याची हरकत लिहून घेतली की, तळेघर या नकाशात नाही ते तसंच नसावं. तो समाधानानं परत गेला. गाठोड्यातली नाचणी मात्र बिबिजानसाठी ठेवून गेला. महिनाभरात त्या ओसरीवर आलेली तेवढी एकच आवक.

सुनावणीचा दिवस उजाडला. म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंटसाहेब आले आणि पालखीसारख्या खुर्चीत बसले. खुर्ची अर्थातच चार घरं फिरून भाईंनी मिळवलेली होती. ओसरीवर, अंगणात, वाटेवर सगळं गाव लोटलं. ओव्हरशियरसाहेबांनी हरकतींचा भारा वाचायला घेतला.

तळ्याचा विषय पहिला निघाला. ओव्हरशियरसाहेबांनी नकाशा बघितला, डाग बघितला, बोट लावून वास घेतला आणि क्षणभर त्यांचा चेहरा फार केविलवाणा झाला. पण अनुभवी माणूस. त्यांनी प्रेसिडेंटसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. प्रेसिडेंटसाहेब उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "लोकमताचा मान राखून म्युनिसिपालटी तळं रद्द करीत आहे."

खालच्या आळीनं टाळ्या पिटल्या. वरची आळी "आमचं तळं गेलं" म्हणून पाय आपटत निघून गेली, आणि त्या तळ्यावरून पुढं दोन्ही आळ्यांत सोयरीक होईना.

मग रस्ता. ओव्हरशियरसाहेबांनी घसा साफ केला. "सर्वांच्या हरकती मान्य करून रेघ तीन ठिकाणी वळवली. पण त्यामुळं रस्ता गांडुळासारखा झाला. वरून लिहून आलं आहे की रस्ता सरळच हवा. सरळ करायचा तर दोन वाटा. पूर्वेला नेला तर घाणा, गोठा, दुकान जातं. म्हणून सबंध रेघ पश्चिमेला घेतली आहे." त्यांनी पट्टी ठेवली आणि लाल पेन्सिलीनं वेशीपासून घाटापर्यंत एकच लांब रेघ ओढली. "पश्चिमेला एकच घर येतं. त्या घराची हरकत आलेली नाही."

भाई खुर्चीमागं उभे होते. त्यांनी रेघेकडं पाहिलं. ती त्यांच्या ओसरीतून, जिच्यावर तो नकाशा लावला होता त्याच भिंतीतून, आरपार गेली होती. आतून माजघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ते पडलं नव्हतं, आपटलं होतं.

"कुणाला काही म्हणायचं आहे?" प्रेसिडेंटसाहेबांनी विचारलं. "सूर्य मावळेपर्यंत मुदत आहे."

"मला," भाई म्हणाले. आपला आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं. "मला म्हनायचं हाय, साहेब. ती भिंत..."

"अरे! बोला बोला." ओव्हरशियरसाहेबांनी लाल पेन्सिल पुन्हा हातात घेतली. माणूस वाईट नव्हता. "तुमची हरकत असेल तर अजून विचार होईल. फक्त रेघ कुणावर सरकवायची तेवढं सांगा. पूर्वेला नेतो. सांगा, नेऊ?"

हौशीराम आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. चिमाजी सुस्कारा टाकायचाही विसरला. गोजरबाई, जी कधी गप्प बसली नव्हती, ती पदराचं टोक दातांत धरून भाईंकडं बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी नव्हती, नुसती भीती होती. त्या तिघांची घरं वाचावीत म्हणून भाई महिनाभर साहेबाच्या मागं लागले होते. आता एका शब्दात ती परत रेघेखाली घालता येत होती. शब्द भाईंच्या तोंडाशी आला होता. आजोबांची भिंत, वडिलांची भिंत, त्यांच्या स्वतःच्या खांद्यांची झीज त्या भिंतीत होती. एखादा तरी म्हणेल, साहेब, थोडी माझ्याकडं घ्या, हातभर माझी जागा जाऊ दे. ते थांबले. कुणी म्हणालं नाही.

"काय भाई?" प्रेसिडेंटसाहेब म्हणाले.

"काय न्हाई," भाई म्हणाले. "साहेबास्नी पानी पायजे का, इचारत व्हतो."

सगळ्या अंगणानं एकदम श्वास सोडला. ओव्हरशियरसाहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. सभा उठली. हौशीराम जाताना "भाई, तुमच्यावानी मानूस न्हाई" असं म्हणाला, पण ते त्यानं वाट ओलांडून पलीकडं गेल्यावर म्हटलं. गोजरबाईनं संध्याकाळी चरवीभर दूध पाठवलं. बिबिजाननं ते परत पाठवलं नाही, पण चूल पेटेपर्यंत त्याला हातही लावला नाही.

गर्दी गेल्यावर सावळेराम पट्टेवाला नकाशा काढायला आला. त्यानं वरचा कोपरा नखानं उचकटला आणि ओढणार, तेवढ्यात भाई ओरडले, "आरं, थांब! चुना खरवडशील." त्यांनी त्याला बाजूला केलं, ओलं फडकं आणलं, खळीच्या कडा भिजवल्या आणि कागद बोटांच्या पेरांनी इंच इंच सोडवत खाली आणला. भिंतीवर ओरखडा नव्हता. मग फडकं पिळून खळीचा डागन् डाग पुसला.

"अजी, पाडनारच हायेत ती," बिबिजान दारात उभी होती. तिचा आवाज माजघरापुरताच होता. "कशापायी घासता?"

"पाडनारा पाडंल. वरखडा माज्या हातनं नगं."

ती आत गेली आणि हौदावरून ओल्या तावांची चवड घेऊन आली. भाईंनी पहिला ताव उचलला, आज महिन्यानंतर सबंध भिंत मोकळी होती, आणि कुंचल्यानं तो भिंतीवर वरपासून खालपर्यंत बसवला. सावळेराम नकाशाची गुंडाळी काखेत मारून पायरी उतरत होता. भाईंनी त्याला हाक मारली.

"सावळेराम, पाडायला याल तवा आदल्या दिशी सांगावा धाडा बरं का. ताव ओला आसला तर वाया जाईल."